शेळीचं तोंड

"तोंड कुठंय?"

"आहे की, मावशी. जरा फाकवून बघा."

"फाकवून बघायला मी काय ढोरांची डॉक्टर आहे? शेळीचं तोंड कुठंय, तेवढं सांग."

"पाठीत गेलंय थोडं."

"थोडं? एक डोळा इकडं, एक तिकडं, मधलं सगळं पुस्तकानं गिळलं. नाक नाही, ओठ नाहीत. आता ही शेळी आहे हे ओळखायचं कशावरून? शिंगांवरून? शिंगं हल्ली कुणालाही फुटतात."

आत चहा गाळणाऱ्या नवऱ्यानं विचारलं, "मला काही म्हणालीस का?"

"तुम्हाला नाही. तुमच्या शिंगांची चित्रं केव्हाच काढून झालीत."

हे बोलणं चाललं होतं दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. खोलीला खिडकी एक, खिडकीखाली पायानं चालवायचं जुनं शिलाई मशीन, आणि मशीनवर आडवा टाकलेला फळा. त्या फळ्यावर या बाईनं चव्वेचाळीस वर्षं मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढली. पुस्तकं झाली बासष्ट. वय सदुसष्ट. पायाला चाळा म्हणून चित्र काढताना ती खालची पायपट्टी हलवत असते, त्यामुळं खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला गेली कित्येक वर्षं वाटतंय की वर कुणीतरी कपडे शिवतं. एकदा ते पडदे घेऊनही आले होते. बाईंनी शिवून दिले. नाही कशाला म्हणायचं?

तिला सगळे खडू म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती स्वतःच मागं वळून बघेल, की कोण आलं म्हणून.

समोर बसलेली चाळिशीची बाई म्हणजे प्रकाशनाची मालकीण. तिचे वडील जुने मालक होते. त्यांच्यामागं धंदा तिच्याकडं आला, आणि धंद्याबरोबर खडूमावशीही आली. आज ती घेऊन आली होती 'शिंप्याची शेळी' या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचा नमुना. खडूचं हे पहिलं पुस्तक. अकरा वर्षं ते बाजारात नव्हतं. वाचनालयांतल्या प्रती मुलांच्या हाताखाली झिजून चिंध्या झाल्या होत्या. आता ते पुन्हा निघणार म्हणून मालकीणबाई हुरळून आली होती, आणि मधलं पान उघडलं तर शेळीला तोंडच नाही.

"आम्ही दुसरंही करून बघितलं," मालकीणबाईनं पिशवीतून एक कागद काढला. "संगणकावर दोन्ही अर्धी जरा लांब सरकवली, म्हणजे मधलं पाठीत जाणार नाही."

खडूनं कागद हातभर लांब धरून बघितला. "ही शेळी नाही. ही उंटाची लांबची मेहुणी आहे."

"मग तुम्हीच सांगा काय करायचं."

"शिवा. पुस्तक शिवलेलंच होतं. मधोमध, तांबड्या दोऱ्यानं."

"शिवणारं कोण राहिलंय, मावशी? त्या छापखान्यात गरम डिंक ओततात, पाठ दाबतात, झालं पुस्तक. सुई त्यांनी बघितलीसुद्धा नसेल. गुरुवारी सकाळी पानं छापायला जायची आहेत. ती गेली नाहीत तर त्या जागी दुसरं पुस्तक चढेल, आणि आपली शेळी परत कपाटात. मग माझ्या हातात काही राहत नाही."

"पान हलायचं नाही," खडू म्हणाली.

"मग पुस्तक निघायचं नाही."

दोघींनी चहा घेतला. घोडं अडलं होतं ते या एका पानावर, आणि तो दिवस होता सोमवार.

हे तोंड असं जायची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा गेलं तेव्हा खडू तेवीस वर्षांची होती.

तिचे वडील शिंपी. रस्त्याला लागून सात फूट रुंदीचं दुकान, मागं राहायच्या दोन खोल्या. दुकानात एक आरसा होता. तो माणसाला जरा बारीक दाखवायचा, म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. पोरगी सातव्या वर्षापासून काज-बटणाला बसली. हात चांगला, पण लक्ष खडूकडं. शिंप्याचा तो चपटा, निळा, कडेला धार असलेला खडू. बाबांनी कापड आखून खाली ठेवला की हिनं उचललाच. चिंधीवर मांजर, कॅनव्हासच्या तुकड्यावर घुबड. एकदा एका शिक्षकाच्या पाटलोणीच्या अस्तरावर तिनं कोंबडा काढला. पाटलोण शिवून झाली, इस्त्री झाली, घडी घालून गेली, आणि मग बाबांच्या ध्यानात आलं. आठ दिवस बाप तोंड लपवून बसला. नवव्या दिवशी शिक्षक आले आणि म्हणाले, "दुसरीला पण कोंबडाच घाला. घालताना बरं वाटतं."

तेव्हापासून तिचं नाव खडू.

बाबा बोलायला कमी. हिशेबी नव्हेत, नुसतेच कमी. पोरीला त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या असतील. एक, कापड एकदाच कापलं जातं, तेव्हा आधी बघून घे. दुसरी, शिवणीला माया सोड, म्हणजे दोन्ही बाजूंना बोटभर जादा कापड, कारण माणूस आज आहे तेवढाच उद्या राहत नाही. पोरीनं दोन्ही ऐकल्या आणि डोक्यात ठेवल्या. पण डोक्यात ठेवलेलं वेळेवर सापडेल तर मग काय पाहिजे होतं.

छापखान्याचे मालक, म्हणजे या मालकीणबाईचे वडील, बाबांकडं पाटलोण सैल करून घ्यायला यायचे. वर्षातून दोनदा. त्यांच्या मापाचा कागदी बेत, कापड बेतायचा नमुना, भिंतीला टांगलेला असायचा. एक दिवस बाबा आत पाणी प्यायला गेले आणि मालकांची नजर त्या बेतावर गेली. कमरेच्या जागी एक फुगलेला बेडूक बसला होता. खिशात हात घालून, ऐटीत.

"हा मी का?" मालकांनी विचारलं.

खडू काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "बेडूक आहे."

"बेडकाला माझा चष्मा कसा?"

"त्याला लांबचं दिसत नाही."

बाबा पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थिजले. मालक मात्र इतके हसले, की नव्यानं सैल केलेली पाटलोण पुन्हा तट्ट झाली. "उद्या छापखान्यात ये," ते म्हणाले. "बेडूक घेऊन ये."

दोन वर्षं तिनं तिथं मलमाच्या डबीवरची आणि साबणाच्या कागदावरची चित्रं काढली. साबणावर हसणारी बाई, मलमावर कण्हणारा बाप्या. ती म्हणते, माणसाचं तोंड मला या दोघांनी शिकवलं. मग मालकांनी मुलांसाठी पुस्तक काढायचं ठरवलं. एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं गोष्ट लिहिली: शिंप्याच्या दुकानातून रोज काहीतरी नाहीसं होतं. आज बटण, उद्या खिसा, परवा अख्खी बाही. शिंपी सगळ्यांवर संशय घेतो. मधल्या पानावर चोर सापडतो. शेळी. पुढं शिंपी तिला मारत नाही, राहिलेल्या तुकड्यांचा सदरा शिवून तिलाच घालतो, आणि गिऱ्हाइकं म्हणतात, आम्हालाही असाच पाहिजे.

चित्रं काढणार खडू. बत्तीस पानं, दोनच शाया, काळी आणि तांबडी. मालकांनी स्वच्छ सांगितलं, "हे जमलं तर तुला दुसरं पुस्तक, मग तिसरं. नाही जमलं तर साबण आहेच. आणि पुस्तकच बुडालं तर मी छापखान्यात एवढी माणसं ठेवू शकत नाही." म्हणजे परत काज-बटण. खडूनं मान हलवली. काज-बटण वाईट नव्हतं, पण त्यात शेळी नव्हती.

तिनं बाबांच्या बेताच्या कागदाचे आठ ताव घेतले, मधोमध दुमडले, घडीवर धावदोरा घातला. झालं बत्तीस पानांचं कोरं पुस्तक. त्यात आधी पेन्सिलनं सगळं मांडून बघितलं. मधलं पान उघडलं की ते सताड उघडायचं, एकाच कागदाचं, सपाट. तिथं तिनं शेळीचं तोंड काढलं, दोन्ही पानं भरून, समोरून, मान खाली घातलेलं. नाकाची रेघ बरोबर घडीवर आणि ओठ पार खालच्या कडेशी. एवढं मोठं तोंड, की पान उलटणारा दचकलाच पाहिजे.

चूक इथंच झाली, आणि ही चूक शिंप्याच्या पोरीशिवाय दुसऱ्या कुणी केली नसती. तिच्या लेखी घडी म्हणजे शिवायची जागा. छापखान्यात पुस्तकं बांधणारा होता डिंक्या. त्याच्या बोटांना कायम डिंक असायचा म्हणून हे नाव. त्याच्या लेखी घडी म्हणजे बंद करायची जागा. तो पुस्तक मिटवायचा आणि घडीपासून बोटभर आत, बाजूनं, दोन जाड पिना ठोकायचा. आयुष्यभर तसंच करत आला होता. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दोन हजार प्रती छापून झाल्या. दीडशे बांधून झाल्या. खडूनं पहिली प्रत हातात घेतली, मधलं पान उघडलं, आणखी उघडलं, गुडघ्यावर दाबून उघडलं.

"मामा, तोंड कुठंय?"

"कुणाचं?"

"शेळीचं."

डिंक्यानं पुस्तक घेतलं, पिनांपाशी डोळा नेऊन आत बघितलं. "आहे आत. अंधार आहे जरा."

मालक आले. त्यांनी बघितलं आणि खुर्चीत बसले. शाळा सोमवारी उघडणार होत्या, दीड हजार प्रतींची मागणी शाळांची होती, आणि तो मंगळवार होता. पुन्हा छापायला कागद नव्हता. डिंक्या म्हणाला, "पोरांना काय कळतंय? शेळी म्हटलं की शेळी." मालक म्हणाले, "शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. पोरांना तेवढंच कळतं, डिंक्या." मग खडूकडं न बघता म्हणाले, "तू साबणाचं काम चालू ठेव सध्या."

सध्या, या शब्दाचा अर्थ तिला कळत होता.

ती घरी गेली. बाबा एका जाड्या माणसाचा कोट उसवत होते. तिनं पुस्तक मशीनवर ठेवलं. बाबांनी पिना बघितल्या, घडी बघितली, आणि नखानं दोन्ही पिना सरळ करून ओढून काढल्या. आठ कागद सुटे झाले. त्यांनी ते मधोमध उघडे करून सुईखाली सरकवले, वर शेळी, खाली पुठ्ठा, आणि एक झटका पायपट्टीला दिला.

टर्रकन पुस्तकाचे दोन भाग झाले. बारीक टाक्यानं कागद पोस्टाच्या तिकिटासारखा फाटला होता.

"कापड नाही हे," बाबा म्हणाले. त्यांनी टाक्याची खिटी शेवटपर्यंत फिरवली, गोधडीला घालतात तेवढा लांब टाका. सुई बदलली. "दुसरं आण."

दुसरं शिवलं गेलं. खडूनं मधलं पान उघडलं. शेळीनं तिच्याकडं बघितलं, दोन्ही डोळ्यांनी, नाकासकट.

बाबांनी मशीनमध्ये जो दोरा होता तोच घातला होता. तांबडा. कपाळापासून नाकावरून खाली ओठांपर्यंत तांबडे टाके आले होते आणि खाली दोऱ्याचं टोक लोंबत होतं. सवयीनं ते कापायला बाबांनी कात्री उचलली.

"राहू दे," खडू म्हणाली. "खातेय ती."

बाबांनी कात्री खाली ठेवली. दोऱ्याकडं बघितलं, शेळीकडं बघितलं. "गाठ मारावी लागेल," एवढंच म्हणाले.

ती प्रत घेऊन खडू संध्याकाळीच मालकांकडं गेली. मालक जेवत होते. त्यांनी डाव्या हातानं पान उघडलं आणि घास तसाच ठेवला. "शनिवारपर्यंत दोन हजार?" त्यांनी विचारलं. "माझे बाबा दिवसाला पाचशे करतील," खडू म्हणाली. बाबांना तिनं विचारलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी हातगाडीवरून गठ्ठे आले. आई कागद एकात एक घालायची, खडू सुईखाली धरायची, बाबा पाय चालवायचे, आई गाठ मारायची. दर तीसेक पुस्तकांमागं सुई बोथट व्हायची, कारण कागद सुईला कापडापेक्षा जास्त खातो. हे तोपर्यंत त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. कोटवाला जाड्या गिऱ्हाईक दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आईनं त्याला कागद जुळवायला बसवलं. त्यानंही जुळवले. दिवस मावळला की बाबा मशीनवर फडकं टाकायचे. खडू म्हणायची, दिवा लावते. बाबा म्हणायचे, दिव्यातला टाका आंधळा. शनिवारी दुपारी चारला शेवटची गाठ पडली. बाबा उठले, पाय झाडले, आणि त्या माणसाचा कोट घ्यायला वळले.

पुस्तक चाललं. पोरं पान अर्धं मिटायची आणि उघडायची, मग शेळी चावल्यासारखी दिसायची. दोरा ओढायची. एका बाईंनी शाळेतून तक्रार लिहिली, की मुलं शेळीच्या तोंडातला दोरा ओढतात आणि पुस्तक खिळखिळं होतं. मालकांनी ते पत्र काच लावून भिंतीवर टांगलं. दुसऱ्या खेपेला बाबांनी गाठ दुहेरी केली. बाबा होते तोवर त्या पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्या त्यांनीच शिवल्या. नंतर एक वह्या शिवणारा कारखाना मिळाला होता, तोही बंद पडला.

साबण सुटला. खडूला दुसरं पुस्तक मिळालं, तिसरं मिळालं. लग्न झालं ते बसच्या ड्रायव्हरशी. माणूस धिप्पाड. हत्तीची पाठ हवी असली की ती त्याला वाकवायची, अस्वल हवं असलं की गोधडी पांघरून उभा करायची. बासष्ट पुस्तकांत तो चौदा वेळा आहे, त्यातला माणूस म्हणून एकदाच, आणि तेव्हाही पाठमोरा. तो स्वतःच सांगतो, "हिच्या हाताखाली मी सगळ्या जातींची जनावरं झालो. फक्त उंदीर राहिला." ती म्हणते, "तो तुम्ही घरात असताच."

काम करायची तिची रीत त्या मंगळवारानं ठरवून टाकली. कुणी नवी गोष्ट घेऊन आलं की ती आधी विचारते, "बांधणी कशी?" लेखक बिचारा गोष्टीच्या धुंदीत असतो. तो म्हणतो, आधी ऐका तर. ती म्हणते, आधी पाठ दाखवा. एका कवीनं लिहून आणलं होतं, की आभाळ उदास झालं. तिनं विचारलं, "आभाळाला भुवया देऊ का?" कवी रुसला. मग तिनं चित्रात एका माणसाला वाळत घातलेली चादर घाईघाईनं काढताना दाखवलं, आणि कवी म्हणाला, हेच मला म्हणायचं होतं. ती म्हणाली, मग तसं म्हणायचं.

आता राहिला प्रश्न गुरुवारचा.

सोमवारी मालकीणबाई गेल्यावर खडूनं फळा बाजूला केला, मशीनमध्ये जाड सुई घातली आणि डिंकाचा नमुना सुईखाली धरला. सुई पाठीत शिरली आणि मोडली. दुसरी शिरली तिथंच अडकली. ती पकडीनं काढताना पाठ कडकन वाजली आणि पानांचा अर्धा गठ्ठा खाली पडला.

"मेली का?" नवऱ्यानं विचारलं.

"कोण?"

"शेळी."

"तिला काय होतंय? तिनं आख्खी बाही पचवली."

मंगळवारी तिनं दुसरं पान घेतलं आणि शेळी पुन्हा काढून बघितली. तोंड उजवीकडं घेतलं. शेळी चांगली आली. खरं तर पहिलीपेक्षा चांगली. तेवीस वर्षांच्या पोरीला शेळीचे कान कुठून फुटतात ते धड माहीत नव्हतं, हे तिला आज दिसलं आणि जरा मजाही वाटली. पण शेळी नुसती उभी होती. चावत नव्हती. दोरा चित्रात काढला तरी तो शाईचाच, ओढायचा कसा? पान उलटणारं मूल दचकेल आणि पुढं जाईल. थांबायचं नाही. खडूच्या मते मूल ज्या पानावर थांबत नाही ते पान नसलेलं बरं.

बुधवारी सकाळी तिनं नवऱ्याला माळ्यावरून जुनी प्रत काढायला लावली. एका वाचनालयानं ती रद्दी म्हणून काढली होती आणि तिनं मागून घेतली होती. चाळीस वर्षांची प्रत. तांबडा दोरा विटून विटेसारखा झालेला, टोक कुणीतरी केव्हाच ओढून नेलेलं. खडूनं मधलं पान उघडलं. तिला तोंडच बघायचं होतं, पण नजर गेली उजव्या कडेला. पान उलटताना अंगठा जिथं लागतो तिथं कागद झिजून झिजून फाटला होता, आणि कडेला छान अर्धगोल खाच पडली होती. दोन बोटं आत.

तिनं ती खाच नखानं चाचपली. मग नवऱ्याला म्हणाली, "कात्री द्या. बाबांची, मोठी."

"काय कापतेस?"

"बघा तर."

तिनं मंगळवारी काढलेलं पान घेतलं. शेळीचं तोंड पार उजव्या कडेला येईल असं ते पेन्सिलनं सरकवलं. मग जिथं ओठ येतात तिथं, पानाच्या कडेलाच, कात्रीनं अर्धगोल घास काढला, कडेला दातांच्या खुणा ठेवून. तीन छोटे दात, एक मोठा. पान नमुन्यात ठेवलं आणि मिटलं. मिटलेल्या पुस्तकाच्या कडेवरूनच दिसत होतं, आत कुणीतरी चावलंय. उघडलं. शेळी पुस्तक खात होती.

नवऱ्यानं त्या घासात अंगठा घातला. "बरोबर बसतोय," तो म्हणाला.

"पोराची दोन बोटं बसतील."

तिनं मालकीणबाईला फोन लावला. "तुमच्या त्या छापखान्यात साचा असतो का? खोकी कापतात तो?"

"असतो. पाकिटं कापतात त्यावर. का?"

"एक पान त्याच्यावर कापून द्यायचं, डिंक ओतायच्या आधी. कडेला घास. शिवता येत नसलं तर कातरता तर येतं ना त्यांना?"

मालकीणबाई म्हणाली, "मावशी, तुम्ही म्हणाला होता पान हलायचं नाही."

"मी नाही हलवलं. शेळी हलली. खायला काही दिसलं की शेळी हलतेच."

"थांबा, विचारून सांगते." ती पंधरा मिनिटांनी परत बोलली. होईल म्हणाले. एकाच पानाला, आकार उद्या सकाळी आठाच्या आत हातात पाहिजे, आणि चित्रंही. "माझ्या बाबांना हे आवडलं असतं," मालकीणबाई म्हणाली.

"तुझ्या बाबांना आधी मी कामातून गेले असंच वाटलं असतं. मग आवडलं असतं. ठेव आता, काम आहे."

काम होतंच. नवऱ्यानं तेवढ्यात पान उलटून नमुन्यातल्या मागच्या बाजूच्या चित्राला लावून बघितलं होतं. "अगं, पण मागं काय?"

पानाला दोन बाजू असतात. पुढून घेतलेला घास मागूनही दिसतो. मागच्या पानावर होता शिंपी, मशीनवर बसलेला, डोळे विस्फारलेला. शेळीचा घास नेमका त्याच्या डोक्यावर आला होता. अर्धं कपाळ आणि एक कान गेला होता.

तो शिंपी म्हणजे तिचे बाबा. तसेच वाकलेले खांदे, तशीच कानावर खोवलेली पेन्सिल. पुस्तक निघालं तेव्हा ते चित्र बघून बाबा एवढंच म्हणाले होते, की मशीनचं चाक उलट्या बाजूला आहे.

"बाबांना सरकवावं लागेल," खडू म्हणाली.

"सरकतील?"

"बसलेले असताना नाही सरकायचे. त्यांना उभं करते." तिनं कोरा कागद पानाखाली धरला आणि घासाची रेघ त्यावर गिरवून घेतली. कडेला अर्धगोल, तीन छोटे दात, एक मोठा. बघत राहिली. ही खाच आता कशात बसवायची? दारात? टोपीत? मग तिनं पेन्सिलनं त्या अर्धगोलाभोवती कोटाचा खालचा काठ काढला. बाबा तो कोट दोन्ही हातांनी वर धरून उभे, गेलेल्या घासातून पलीकडं बघत. एक डोळा त्या भोकाच्या काठाला येतो का ते तिनं मोजून बघितलं. येत होता.

"तुम्ही जरा उभे राहा," ती नवऱ्याला म्हणाली. "हात वर. कोट धरल्यासारखे."

"चहा ठेवलाय."

"उतू जाईल तेव्हा जाईल. हात वर. इतके नाही, शिंपी आहात, चोर नाही."

तो उभा राहिला. तिनं फळा मशीनवर सारखा केला, चाक यावेळी बरोबर बाजूला आखलं, आणि खाली पायपट्टी हलायला लागली.